बावीस संगणकांचा खुलासा

आमच्या कॉलेजात कुठलीही वस्तू आली की आधी तिच्यावर ऑइलपेंटने नंबर पडतो, मग ती वापरायला मिळते. खुर्ची असो, पंखा असो, प्रयोगशाळेतला तराजू असो. पांढरा रंग, बारीक ब्रश आणि स्टोअरवाल्या काकांचे किंचित उजवीकडे झुकलेले आकडे. रंग वाळेपर्यंत त्या खुर्चीवर प्राचार्यसुद्धा बसत नाहीत. मग तोच नंबर डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढतो. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार हसू आलं होतं. चांगली धडधाकट वस्तू आल्या दिवसापासून डेडस्टॉक, आणि खरोखर मेली की तिचं नाव भंगार.

या पनवेलच्या कॉलेजात मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. प्रिंटरमध्ये कागद अडकला की जिला हाक मारतात ती बाई, असं म्हटलं तर घरच्यांना लवकर कळतं. मला या कामाची खरी आवड का आहे हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण ते कौतुकास्पद नाही. मला दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायला आवडतं. माणसांच्या भानगडीत खुपसलं की भांडणं होतात. यंत्रांच्या भानगडीत खुपसलं की पगार मिळतो.

आमच्या संस्थेची चार-पाच कॉलेजं आहेत आणि मुख्यालय पुण्यात आहे. काही वर्षांपूर्वी मुख्यालयाने सगळ्या कॉलेजांचं नेटवर्क आपल्या ताब्यात घेतलं. तेव्हापासून संगणक आमच्याकडे आणि किल्ल्या त्यांच्याकडे. एखाद्या यंत्राचं घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलं असलं तरी ते मागे घ्यायला ऑनलाइन अर्ज करायचा, त्याचा क्रमांक घ्यायचा आणि वाट बघत बसायचं. मला याचा राग येतो. अर्ज लिहिताना मी कीबोर्ड जरा जोरातच बडवते.

त्याच सुमारास मुख्यालयाने संगणकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येक संगणकात एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. तो दर काही तासांनी पुण्याच्या सर्व्हरला कळवतो की मी अमुक, माझा कंपनीचा क्रमांक तमुक, पोटात एवढी मेमरी, आणि मी अजून चालू आहे. या प्रोग्रॅमला एजंट म्हणतात. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “पनवेलात एजंट काय कमी होते मॅडम, त्यात आनी हा एक?”

काका उरण रस्त्यावरच्या एका गावातले. तीस वर्षांहून जास्त काळ स्टोअर त्यांच्याकडे होतं. आसपासच्या लोकांनी जमिनी विकून तीन मजली घरं बांधली, दाराशी गाड्या आणल्या. काकांनीही घर बांधलं, पण सकाळी साडेनऊला स्टोअरचं कुलूप उघडायचं काही सोडलं नाही. खडूचं खोकं हवं असेल तर ते आधी रिकामं खोकं परत मागत. त्यांच्याकडून पेनड्राइव्ह घेताना तर मला नेहमी वाटायचं, की हा माणूस आता माझ्याकडून शपथ घेणार.

ते जानेवारीअखेर निवृत्त होणार होते. निवृत्तीआधी स्टोअरचा चार्ज नव्या माणसाकडे द्यायचा, म्हणजे रजिस्टरातली प्रत्येक वस्तू दाखवून द्यायची. खुर्च्या जुळल्या, पंखे जुळले, तराजूसुद्धा जुळले. संगणकांच्या बाबतीत मुख्यालयाने सांगितलं की रजिस्टर त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या यादीशी कंपनीच्या क्रमांकावरून ताडून पाहायचं. रजिस्टरात होते एकशे एकोणसाठ. यादीत निघाले एकशे सदतीस.

मुख्यालयातून एक तपासनीस आला. सकाळी पळस्प्याला तासभर ट्रॅफिकमध्ये अडकला होता, त्यामुळे येतानाच त्याचा पारा चढलेला. त्याने न सापडणाऱ्या बावीसांपैकी पाच नंबर निवडले आणि ते रंगवलेले नंबर शोधत कॉलेजभर फिरला. पाचही खोकी मिळाली, पाचही चालू होती. एकावर तर ग्रंथपाल बाई चक्क पुस्तकांच्या पावत्या काढत होत्या. तपासनीसाने प्रत्येक यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. सुरू होता होता एक कळ दाबली की कंपनीने कारखान्यातच कोरून ठेवलेला क्रमांक पडद्यावर दिसतो. तो त्याने रजिस्टरातल्या क्रमांकाशी ताडला. पाचपैकी एकही जुळला नाही.

“बाहेरची खोकी संस्थेची आहेत,” तो प्राचार्यांना म्हणाला, “आतला माल बदललेला आहे.”

मी तिथेच उभी होते. क्रमांक जुळत नाही एवढं त्याने पाहिलं. तो दुसरीकडे कुठे जुळतो का, हे बघण्याची तसदी त्याने घेतली नाही. पण खरं सांगायचं तर मीही घेतली नाही. चार दिवसांनी काकांच्या हातात पत्र पडलं. बावीस संगणकांबाबत आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, तोपर्यंत ‘येणे बाकी नाही’चा दाखला मिळणार नाही, निरोप समारंभाचं नंतर बघू.

काका पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि समोरच्या स्टुलावर बसले. त्यांनी ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं.

“मॅडम, मी घर बांधलं ते जमिनीच्या पैशातनं. सगल्या गावाला म्हाईत हाय. पन आता लोक काय बोलतील? कॉलेजचे कंप्युटर इकून बांधलं बोलतील. पोराच्या सासरी पन हेच जानार.”

“काका, तुम्ही काळजी करू नका. मी शोधते,” मी म्हणाले.

आता मनातलं कबूल करते. काकांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं हे खरं, पण ते उठून गेल्यावर माझ्या अंगात जे आलं ते वाईट वाटणं नव्हतं. चालू असलेला, नेटवर्कला जोडलेला, माणसं ज्याच्यावर काम करत आहेत असा संगणक यादीत दिसत नाही, तोही एक नव्हे, बावीस! चौदा वर्षांच्या नोकरीत असं कोडं समोर आलं नव्हतं. मी डबा तसाच ठेवला आणि वही उघडली.

ग्रंथालयातल्या एकशे अठरा नंबरच्या खोक्यापासून सुरुवात केली. वायर तपासली, ठीक होती. वायर बदलून पाहिली, तरी ठीक. घड्याळ बघितलं, कारण यंत्राची तारीख चुकली असेल तर सर्व्हर त्याच्याशी बोलायला नकार देतो. तारीख बरोबर. एजंट चालू आहे का? चालू. त्याची रोजनिशी उघडली. हे प्रोग्रॅम आपण काय काय केलं ते ओळीने लिहून ठेवतात, माणसांपेक्षा प्रामाणिकपणे. त्यात दर चार तासांनी एक ओळ होती, ‘माहिती पाठवली, पोचली.’ मी माझ्या टेबलावर येऊन सर्व्हरची यादी उघडली. एकशे अठराचा पत्ता नाही.

हा म्हणतोय दिलं, तो म्हणतोय मिळालं नाही. आमच्या सोसायटीत मेन्टेनन्सवरून असाच वाद चालतो. मला खूप मजा वाटायला लागली. मी मग रसायनशास्त्र विभागातलं सत्त्याण्णव बघितलं, परीक्षा विभागातलं एकशे एकतीस बघितलं. सगळीकडे तेच. वायर ठीक, घड्याळ ठीक, माहिती पोचली, आणि यादीत नाव नाही. बावीस नंबर कॉलेजभर विखुरलेले होते, ना एका मजल्यावर, ना एका वायरीवर. मी कॉलेजचा नकाशा काढून त्यावर लाल ठिपके दिले आणि बराच वेळ बघत बसले. लहान मुलाने सांडलेल्या चुरमुऱ्यांत जेवढी शिस्त असते, तेवढीच त्या ठिपक्यांत होती.

याच शोधात एक लहानशी विचित्र गोष्ट दिसली. यादीत शेवटून तिसरी एक ओळ होती. सकाळी पाहिली तेव्हा तिथे संगणकाचं नाव एकशे चार होतं. दुपारी चहानंतर तिथेच नव्वद. बाकी सगळ्या ओळी जागच्या जागी. मी म्हटलं, पुण्याचं सॉफ्टवेअर, असेल त्याचीही काही खोड, आणि ती ओळ सोडून दिली. मुख्यालयावर माझा राग नसता तर कदाचित तिथेच थांबले असते.

तिसऱ्या दिवशी काका पुन्हा आले, हातात रेघांचा कागद. खुलासा लिहून आणला होता, मला तो टाइप करून द्यायचा होता. मी वाचला. ‘मी संगणक नेले नाहीत. मी संगणक विकले नाहीत. मी कोणाला नेऊ दिले नाहीत. मी आतील भाग काढले नाहीत.’ पानभर हेच. प्रत्येक वाक्य ‘नाहीत’वर संपत होतं.

“काका, असं चालत नाही,” मी जरा फटकळपणेच म्हणाले. “सगळे हेच लिहितात. जे केलं नाही ते नंतर. आधी जे केलं ते लिहा.”

“काय केलं?”

“संगणक कॉलेजात आला त्या दिवसापासून तुमचा हात त्याला केव्हा केव्हा लागला, ते सगळं सांगा. मी टाइप करते.”

काका विचार करू लागले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. मग सांगायला लागले आणि मी बडवायला लागले. खोकी ट्रकमधून उतरवून घेतली. बिलावरचे क्रमांक खोक्यांवरच्या क्रमांकांशी ताडले. रजिस्टरात चढवले. मग कडेच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकले. खोल्यांत नेऊन लावले. उंदरांसाठी गोळ्या ठेवल्या. आणि दर वर्षी खंडेनवमीला पूजा केली.

“पूजा म्हणजे हळद-कुंकू, झेंडूचा हार. मला माहीत आहे, मीही असते की,” मी टाइप करता करता म्हणाले.

“ते दुपारचं. सकाली तुमी येन्याआधी आमी शिपाई लोक मिलून साफसफाई करतो ना.”

“कसली?”

“कडेचे पत्रे काढतो. दोन इस्क्रू तर असतात. आतली धूल ब्लोअरनं उडवतो. आनी पत्रे मागच्या नलावर नेऊन साबनाच्या पान्यानं धुतो. वर्सातनं एकदा तरी न्हायला पायजे ना मशिनला. पयले टाइपरायटर होते, तवापासून हाय हे.”

माझे हात थांबले. “सगळे पत्रे एकदम?”

“एकदमच. साठ मशिन एकसारखी हायत, दोन खेपांत आलेली. पत्रे गच्चीवर उन्हात वालवतो आनी परत बसवतो.”

“कुठला पत्रा कुठल्या संगणकाला?”

काकांनी हातातला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. 

“एकसारखेच हायत ना,” ते हळूच म्हणाले. “कुठलाबी कुठंबी बसतो.”

मला आधी हसू फुटलं आणि मग चीड आली, ती मात्र माझ्यावर. तीन दिवस मी ज्याला एकशे अठरा समजून नाडी बघत होते, तो एकशे अठराचा सदरा घातलेला कुणी दुसराच होता. त्याने माहिती पाठवली होती, ती पोचलीही होती, फक्त आपल्या खऱ्या नावाने. मी पडद्यावर त्याचं नाव बघायची गरजच समजले नाही, कारण समोर पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिलेलं होतं. नवमी येत होती, पत्रे धुतले जात होते, आणि दर वर्षी साठ यंत्रं एकमेकांचे कपडे घालून परत कामाला लागत होती.

काकांचा चेहरा मात्र उतरला होता. “म्हंजे माझीच चूक,” ते म्हणाले.

“नंबर इकडचे तिकडे होणं ही तुमची चूक. यंत्रं गायब होणं ही नाही. चला, उठा, रजिस्टर घ्या.”

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं कॉलेजभर फिरलो. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायची, कळ दाबायची, पडद्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचायची. काका रजिस्टरावर बोट ठेवून खाली खाली सरकायचे. त्यांचं बोट थांबलं की म्हणायचे, “हाय!” पहिल्या तीस यंत्रांत सगळे क्रमांक सापडले, पण ते यादीत आधीपासून असलेलेच. बावीसांपैकी एकही नाही. काकांचं ‘हाय’ बारीक होत चाललं. मलाही मनातून भीती वाटली. तपासनीस खरा निघाला तर? आत कुणी खरंच हात मारला असेल तर?

मग आम्ही दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तिच्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, त्यामुळे मुलं तिथे अभ्यास कमी करतात आणि बाहेर जास्त बघतात. पहिल्याच यंत्राचा क्रमांक वाचला. काकांचं बोट थांबलं. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. बावीसांतला पहिला. शेजारचा, दुसरा. त्याच्या शेजारचा, तिसरा. आठव्या-नवव्यानंतर काका क्रमांक पुरा वाचूनही देत नव्हते, आधीच “हाय, हाय!” सुरू. लॅबमध्ये तेवीस यंत्रं आहेत. बावीसच्या बावीस तिथे, शहाण्यासारखी रांगेत बसलेली. रजिस्टर जे सांगत होतं ते खरं होतं. काका एका स्टुलावर बसले आणि डोळे पुसले. मी खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका बघत उभी राहिले.

माझा लाल ठिपक्यांचा नकाशा फाडून टाकायच्या लायकीचा निघाला. विखुरलेले होते ते पत्रे. यंत्रं एकाच खोलीत होती.

आम्ही प्राचार्यांना सांगितलं, प्राचार्यांनी मुख्यालयाला फोन केला. तिकडून उत्तर आलं की ते ठीक आहे, पण सिस्टिममध्ये अजूनही एकशे सदतीसच दिसतात. सिस्टिममध्ये दिसल्याशिवाय दाखला देता येणार नाही. डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा पडद्यावर दिसलेलं खरं! मी फोनशेजारी उभी राहून जे पुटपुटले ते प्राचार्यांनी ऐकलं नसावं, अशी आशा आहे. खुलाशाची मुदत संपायला तीन दिवस उरले होते.

आता प्रश्न एवढाच होता, दुसरीच लॅब का? आणि तेवीसांतला एकच का दिसतो? हा तेविसावा कोण म्हणून मी यादी उघडली, आणि तिथे ती शेवटून तिसरी ओळ पुन्हा नाव बदलून बसली होती. सकाळी शहात्तर, आता एकशे नऊ. ही नावं मी नुकतीच दुसऱ्या लॅबमधल्या यंत्रांच्या पडद्यांवर पाहिली होती, हे मला त्या क्षणी आठवलं.

मी एका मुलीला माझ्या टेबलाशी बसवलं, यादी उघडून दिली आणि फोन कानाला लावून लॅबमध्ये गेले. पहिल्या यंत्रावर ‘माहिती आत्ता पाठवा’ दाबलं. “मॅडम, ओळीचं नाव बदललं.” दुसऱ्यावर दाबलं. “पुन्हा बदललं.” तिसऱ्यावर दाबलं, पुन्हा तेच. तेवीस यंत्रं एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसत होती. शेवटचा जो बसला तो सर्व्हरला दिसत होता, बाकीचे जणू जन्मालाच आले नव्हते. इतकी सुंदर गोष्ट मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. लॅबमध्ये एकटीच उभी राहून मी हसत होते.

एजंट बसवला की तो पहिल्यांदा स्वतःसाठी एक ओळखक्रमांक तयार करतो. तो त्याचा खासगी, कंपनीच्या क्रमांकाहून वेगळा. सर्व्हर माणसांना त्या ओळखक्रमांकाने ओळखतो, म्हणजे यंत्रांना. तेवीस जणांचा हा क्रमांक एकच कसा? तो एकच असायला यंत्रं एकमेकांची नक्कल असायला हवीत. एक यंत्र पूर्ण तयार करून, एजंटसकट, बाकीच्या बावीसांवर जसंच्या तसं उतरवलेलं असायला हवं.

हसू तिथेच थांबलं.

मागच्या मे महिन्यात दुसऱ्या लॅबमधली सगळी यंत्रं नव्याने तयार करायची होती. उकाडा मी म्हणत होता, एसी बंद होता, आणि मला दोन दिवसांत सुट्टीवर जायचं होतं. प्रत्येक यंत्रावर सगळं वेगवेगळं बसवायचं तर आठवडा गेला असता. मी एक यंत्र तयार केलं आणि त्याची नक्कल बाकीच्यांवर उतरवली. प्रत्येकाचं नाव तेवढं बदललं, तेही कडेच्या पत्र्यावर रंगवलेला नंबर बघून. नक्कल काढण्याआधी एजंटचा ओळखक्रमांक पुसायचा असतो. हे मला माहीत होतं, तरी मी ते विसरले. काम लवकर उरकलं म्हणून त्या दिवशी स्वतःला आइस्क्रीमही खाऊ घातलं होतं.

काकांच्या खिशातलं पत्र माझ्यामुळे आलं होतं. मी त्यांना तीन दिवस “काळजी करू नका” सांगत होते आणि कोडं किती मस्त आहे म्हणून खुश होत होते.

दुरुस्ती सोपी होती. बावीस यंत्रांवरची ओळखक्रमांकाची फाइल पुसायची, एजंट पुन्हा सुरू करायचा, तो आपला नवा क्रमांक तयार करतो. पण फाइल पुसायची परवानगी मुख्यालयाकडे, म्हणजे अर्ज. अर्जात एक रकाना आहे, ‘दोषाचं कारण’. त्यात चार पर्याय येतात. पुरवठादार, वापरकर्ता, स्थानिक कर्मचारी आणि अज्ञात. ‘स्थानिक कर्मचारी’ निवडलं की खाली नाव आणि पद विचारणारी चौकट उघडते. ‘अज्ञात’ निवडलं की काहीच उघडत नाही.

मी ‘अज्ञात’वर बोट ठेवून किती वेळ बसले ते सांगणार नाही. डोक्यात हिशोब चालू होता. यादी दुरुस्त होईल, दाखला मिळेल, कुणाचं काय नुकसान? पण काकांच्या फाइलमध्ये ते पत्र कायम राहील आणि त्याखाली उत्तर असेल, कारण अज्ञात. बावीस संगणक काही दिवस दिसत नव्हते, का ते कळलं नाही, मग दिसू लागले. असं वाचणारा प्रत्येक माणूस मनात काय म्हणेल हे मला माहीत होतं, कारण मीही तेच म्हणाले असते. मला स्वतःचीच लाज वाटली. मी तिसरा पर्याय निवडला आणि चौकटीत माझं नाव घातलं.

परवानगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दुपारपर्यंत मी लॅबमध्ये एकेक फाइल पुसत होते आणि काका माझ्या टेबलाशी यादीसमोर बसले होते. यादी कशी ताजी करायची हे त्यांना शिकवलं होतं. फोनवर त्यांचा आवाज येत होता, “एकशे अडतीस. एकशे एकोनचालीस.” मधे एकदा ते बराच वेळ गप्प झाले, मी घाबरले. ते म्हणाले, “थांबा, चष्मा पडला.” शेवटच्या यंत्रानंतर त्यांनी आकडा एकदा सांगितला, मग खात्री करून पुन्हा सांगितला. “एकशे एकोनसाट, मॅडम.”

फोन ठेवल्यावर मी जाऊन त्यांना सांगितलं की हे सगळं माझ्या मे महिन्यातल्या घाईमुळे झालं. काकांनी पाण्याचा ग्लास उचलला, पाणी प्यायलं, ग्लास खाली ठेवला. “बरं,” एवढंच म्हणाले आणि स्टोअरकडे गेले. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर मला जास्त बरं वाटलं असतं.

शेवटचे दोन दिवस ते पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन फिरले. साठही पत्र्यांवरचे जुने नंबर टर्पेन्टाइनने पुसले आणि प्रत्येक यंत्रावर त्याचा खरा नंबर घातला. या खेपेला मात्र पत्र्यावर नव्हे, मागच्या न निघणाऱ्या बाजूवर. साठ आकडे, सगळे किंचित उजवीकडे झुकलेले.

एकतीस तारखेला निरोप समारंभ झाला, शाल, श्रीफळ, समोसे. समारंभाच्या सुरुवातीला प्राचार्यांनी मुख्यालयाचं पत्र वाचून दाखवलं. भांडारपालांचा खुलासा मान्य करण्यात येत आहे, त्यांच्याविषयी कोणताही आक्षेप नाही. काका मान खाली घालून ऐकत होते. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या सगळ्यांच्या आधी वाजवल्या. मग प्राचार्य माझ्याजवळ आले आणि दुसरा लिफाफा हातात देऊन हळूच म्हणाले, “हा तुमचा.” दुसऱ्या लॅबमधील यंत्रांच्या सदोष नोंदणीबाबत आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

कार्यक्रम संपला तशी मी माझ्या खोलीत येऊन बसले. लिफाफा टेबलावर, समोर कोरा कागद. पहिलं वाक्य मी लिहिलं ते होतं, ‘मी हे मुद्दाम केलेलं नाही.’ दुसरं, ‘संस्थेचं कोणतंही नुकसान झालेलं नाही.’ तिसरं लिहीत होते तेवढ्यात दार वाजलं. काका होते, खांद्यावर शाल, एका हातात नारळ. दुसऱ्या हातात समोशाची बशी, ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मग कागदाकडे वाकून चष्म्यावरून वाचलं.

“असं नाय चालत, मॅडम,” ते म्हणाले आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. नारळ टेबलावर ठेवला. माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण उघडलं आणि एक कोरा कागद पुढे ओढला.

“जे नाय केलं ते मागनं. आदी काय काय केलंत ते सांगा. मी लिवतो.”